पालनीतला गोलकीपर

नंदुरबार
१२ जानेवारी २०२५

सुरुप्या,

खोलीला कुलूप, खाट भिंतीला उभी करून ठेवलेली आणि तू गायब! तीन वर्षं एकाच गोलपोस्टात उभे राहिलो आपण, आळीपाळीने का होईना. जाताना 'येतो' एवढं म्हणायला तुझं तोंड दुखत होतं का? दहा वेळा फोन लावला. तुझ्या पाड्यावर टेकडी चढल्याशिवाय रेंज येत नाही हे मला माहीत आहे, पण माणूस एकदा तरी चढतो ना! शेवटी जामसिंगला पकडला. तो दर आठवड्याला मोलगीच्या बाजारासाठी किराणा भरायला जीप घेऊन येतो आणि आमच्या गादीच्या दुकानासमोरच लावतो. ही चिठ्ठी त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

तू गेल्यावर इथे काय झालं ते ऐक. कॉलेजचं मानधन सुरू होतंय. फुटबॉलच्या पाच पोरांना महिन्याला बारा हजार, बाराही महिने. अट एकच. पैसे घेताय तोवर कॉलेज सोडायचं नाही आणि लीगच्या ड्राफ्टला नाव द्यायचं नाही. गोलकीपर एकच घ्यायचा होता. डिसेंबरातल्या त्या वीस पेनल्ट्यांत माझ्या तेरा अडल्या, तुझ्या नऊ, म्हणून धर्मेंद्र सरांनी माझं नाव लिहिलं. नशीब, दुसरं काय.

आता माझं घोडं अडलंय ते इथेच. लीगचे आठ संघ एप्रिलमध्ये पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलणार. सर म्हणतात, मी नाव दिलं तर पहिल्या दोन फेऱ्यांत उचलतील. पण एकदा नाव दिलं की विद्यापीठाच्या संघाचं दार बंद. कुणी नाही उचललं तर ना इकडचा ना तिकडचा. आणि उचललं तरी करार एकाच वर्षाचा, पुढचं पुढे.

अब्बांचा खोकला वाढलाय. कापूस पिंजून पिंजून छातीत सगळा कापूसच भरलाय त्यांच्या. त्यांना विचारलं तर म्हणाले, "येई ऱ्हायनं ते लई ले. मन्ही चिंता करू नको." म्हणजे येतंय ते घे आणि चिंता करच, असा अर्थ.

तू सांग काय करू. आणि माझ्यावर रागावून गेलास का, तेही सरळ सांग. तुझे ग्लोव्हज माझ्याकडे राहिलेत.

तौहिद

---

काठीजवळचा पाडा
२६ जानेवारी २०२५

तौहिदभाई,

जोहार.

आज झेंडा झाला. मला इथल्या आश्रमशाळेत तासावर काम मिळालं आहे. मुलांना खेळ शिकवतो. चेंडू एकच आहे आणि तोही व्हॉलीबॉलचा.

मी रागावलो नाही. आई घरी एकटी असते, म्हणून आलो. दोन वर्षांपूर्वी ती फार आजारी होती ते तुला माहीत आहे. ती बरी झाली तेव्हा मी होळीला नवस बोललो होतो, पाच वर्षं बावा बनेन. यंदा तिसरं वर्ष. होळीच्या आधीपासून पालनी पाळावी लागते. तू एकदा विचारलं होतंस म्हणून लिहितो. अंघोळ करायची नाही. खाटेवर, गादीवर, खुर्चीवर बसायचं नाही. पायात काही घालायचं नाही. बाईमाणसाला शिवायचं नाही, दुसऱ्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, पोटभर जेवायचं नाही. अंगाला राख लावून होळीला नाचायचं. इतर गावांत थोडं वेगळं असेल, आमच्या घराची रीत अशी आहे. एक वर्ष जरी मोडलं तरी नवस मोडला, असं आई मानते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. पैसे घे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. चाचांचा खोकला मी ऐकला आहे.

ग्लोव्हज राहू दे. इथे त्यांचं काम नाही.

सुरुपसिंग

---

नंदुरबार
१४ फेब्रुवारी २०२५

सुरुप्या,

सही केली. पहिले बारा हजार आले, अब्बांना जळगावला डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यांनी तोंडाला फडकं बांधून काम करायला सांगितलंय. अब्बा म्हणतात, तोंडाला फडकं बांधलं तर गिऱ्हाइकाशी भाव कसा करू!

पण ही चिठ्ठी वेगळ्या कामासाठी आहे. नीट वाच, दोनदा वाच.

धर्मेंद्र सर कालच पुण्याहून आले. म्हणाले, आपल्याच कॉलेजाला अक्कल सुचली असं समजू नका. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे मानधन सुरू झालंय. ज्यांची ज्यांची नावं पेपरात येतात ती सगळी पोरं सही करून आपापल्या कॉलेजात बसलीत. गेल्या वर्षी ड्राफ्टला बावीस गोलकीपर होते. यंदा आजपर्यंत चार! आणि आठ संघांना मिळून नऊ जण हवेत. लीगवाले कपाळाला हात लावून बसलेत.

कळतंय का तुला? चांगले सगळे पगारावर घरी बसलेत आणि दार सताड उघडं आहे. यंदा जो उभा राहील तो आत जाईल. तुला मानधन नाही, म्हणजे तुला बंधन नाही. सुरुप्या, नाव दे!

फॉर्म मीच भरलाय. तुझ्या सगळ्या सामन्यांच्या तारखा टाकल्यात, सरांची सही घेतलीय. फक्त तुझी सही हवी. शेवटची तारीख २८. जामसिंगच्या हाती लगेच परत पाठव.

तौहिद

---

पाडा
२० फेब्रुवारी २०२५

तौहिदभाई,

फॉर्म सही न करता परत पाठवतो आहे.

चांगले लोक येणार नाहीत म्हणून मी चालेन, असं तू लिहिलं आहेस. बाजार उठल्यावर टोपलीत जे उरतं ते मी नाही. डिसेंबरात सर म्हणाले होते, दुसरा गोलकीपर ठेवून काय करायचं. मी तिथेच उभा होतो. तूही होतास.

तुला माझी कीव आली असेल तर येऊ दे. कागदावर लिहून पाठवू नकोस.

सुरुपसिंग

---

नंदुरबार
२३ फेब्रुवारी २०२५

सुरुप्या, गाढवा,

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? समोर असतास तर कानाखाली एक वाजवली असती आणि मग चहा पाजला असता.

कीव? तुझी? तीन वर्षं रोज सकाळी तुझ्यासमोर चेंडू मारलेत मी. तू उजवीकडे कसा जातोस, खांबाला लागून आलेला चेंडू बोटांच्या टोकाने कसा बाहेर ढकलतोस, हे माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. सरांनीही नाही. तुझी किंमत मला माहीत आहे. कशी माहीत आहे ते आत्ता विचारू नकोस.

उरलेला माल म्हणे! अरे, बाजारात गर्दी असते तेव्हा तुझ्यासारखा मागे उभा राहणारा माणूस कुणाला दिसतो? यंदा गर्दी नाही, म्हणून दिसशील. आत घुसल्यावर खेळायचं तुलाच आहे, तिथे कुणी कीव करणार नाही.

फॉर्म परत पाठवतोय. गोलकीपरांची चाचणी नाशिकला १७ मार्चला आहे. तुमची काठीची होळी १४ला पहाटे पेटते ना? म्हणजे तीन दिवस हातात आहेत. पालनी सुटलेली असेल, अंघोळ करून, केस विंचरून माणसासारखा जा. मी सरांच्या फोनवरून लीगवाल्यांना तारीख चालेल असं कळवूनही टाकलंय.

सही कर. माझ्यासाठी कर म्हण. ग्लोव्हजही पाठवतोय.

तौहिद

---

पाडा
२२ मार्च २०२५

तौहिदभाई,

जोहार.

तू तारखेची चूक केलीस. होळी पेटली की पालनी सुटते असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमची पाचव्या दिवशी नदीवर सुटते. १७ला मी पालनीतच होतो. सही करून बसलो होतो, म्हणून तसाच गेलो.

अंगावर राख आणि पिठाचे ठिपके होते, वरून शर्ट घातला. पायात काही नाही. अक्कलकुव्यापासून एसटीत उभा राहून गेलो, सीटवर कसा बसणार? कंडक्टरने नाशिकपर्यंत चार वेळा जागा दाखवली. शेवटी त्याला वाटलं मला मूळव्याध आहे. त्याने एक औषधही सांगितलं.

तिथे आधी डॉक्टरी तपासणी होती. हृदयाचा आलेख काढायला छातीवर चिकटपट्ट्या लावतात, त्या राखेवर चिकटेनात. तपासणाऱ्या बाई पुसायला पुढे आल्या. मी मागे सरकलो. त्या पुढे, मी मागे, असं भिंतीपर्यंत झालं. मग एका पुरुष कर्मचाऱ्याला बोलावलं. त्याने कोरड्या कापडाने चार जागा खरवडल्या.

मैदानावर एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने विचारलं, बूट कुठे आहेत. मी सगळं सांगितलं. त्याचा माणूस म्हणाला, नियमात बसत नाही, काढून टाका. म्हातारा म्हणाला, "पाच गोलकीपर आलेत. चार करू का? ही चाचणी आहे, सामना नाही. उभा राहा तसाच. बोटं तुझी आहेत."

माझी बोटं ठीक आहेत. एका नखाचं रक्त आलं. किती चेंडू अडवले ते मोजले नाहीत. म्हातारा शेवटी माझ्याजवळ येऊन अंगाचा वास घेऊन गेला आणि हसला.

रात्री खोलीत पलंग होते. मी फरशीवर झोपलो. तुझ्या अब्बांना सांग, गादी चांगल्या कापसाची होती, हात लावून पाहिलं. नंतर आठवलं, हातही लावायला नको होता.

तुझे रोजे चालू असतील. आपण दोघेही एकाच वेळी उपाशी होतो असं आई म्हणत होती.

सुरुपसिंग

---

नंदुरबार
२८ एप्रिल २०२५

सुरुप्या,

जामसिंगला खास फेरीचं भाडं देऊन पाठवतोय, म्हणजे समज.

काल ड्राफ्ट झाला. दुकानात मोबाईल कापसाच्या ढिगावर टेकवून आम्ही सगळे बघत होतो. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. सहाव्या फेरीत पुण्याच्या संघाने नाव घेतलं, सुरुपसिंग वळवी, नंदुरबार. अब्बांनी पिंजलेला कापूस दोन्ही हातांनी वर उधळला. नाकातोंडात गेला, मग अर्धा तास खोकत होते.

एकूण पाच गोलकीपर होते. पाचही गेले.

१५ मेच्या आत पुण्याला हजर व्हायचंय. पत्ता मागे लिहिलाय. तुझ्या आईला माझा सलाम सांग.

गिऱ्हाईक आलंय. जास्त लिहीत नाही.

तौहिद

---

पुणे
१४ डिसेंबर २०२५

तौहिदभाई,

जोहार.

इथे खोलीतही रेंज आहे. तरीही पत्र लिहितो, कारण तू फोन उचलत नाहीस. जूनपासून एकोणीस वेळा केला. आधी वाटलं, दुकानात आवाज असेल. आता तसं वाटत नाही. पत्र आलं की तू वाचतोस हे मला माहीत आहे.

पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला आणि मला उभं केलं. नऊ सामने झाले. चारमध्ये एकही गोल झाला नाही. एकात चार झाले. नागपूरच्या संघाने टाकले. त्या दिवशी तुझी फार आठवण आली, कारण तू शिव्या दिल्या असत्यास.

आपल्या संघातल्या मिथुनचा त्याच्या गावाहून, कळसाडीहून फोन आला होता. त्याने सांगितलं, कॉलेजने कोल्हापूरचा गोलकीपर आणला आहे, पंचवीस हजारांवर. तुझं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. तू सांग.

आणखी एक अडचण आहे. यंदा काठीची होळी ३ मार्चला पहाटे आहे. तेव्हा आमचे शेवटचे सामने असतील आणि करारात सुट्टी नाही. नवसाचं चौथं वर्ष आहे. आई म्हणते, मी नसेन तर घरातल्या भावाने पालनी पाळली तरी चालते. मला भाऊ नाही. जामसिंग चुलत आहे, पण होळीत त्याची जीप दिवसरात्र चालते. सीटवर न बसता तो जीप कशी चालवणार? आई रोज टेकडीवर चढून फोन करते आणि होळीला किती दिवस राहिले ते सांगते.

सुरुपसिंग

---

नंदुरबार
८ फेब्रुवारी २०२६

सुरूप,

तुझं पत्र आलं त्याला दोन महिने होत आले. चार वेळा लिहायला बसलो. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून बरं झालं पत्र लिहिलंस.

माझं मानधन ऑगस्टमध्येच बंद झालं. करारात बारीक अक्षरात होतं, 'संघातील स्थान कायम असेपर्यंत'. कोल्हापूरवाला आला, माझं स्थान गेलं. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. सर मला म्हणाले, "दुसरा गोलकीपर ठेवून काय करायचं." तेच शब्द, सुरूप. अगदी तेच. तोंडात मारल्यासारखं झालं.

म्हणून यंदा मी ड्राफ्टला नाव दिलंय. आता कॉलेजचं दार बंद. आणि यंदाची गंमत ऐक. गेल्या वर्षी जे पगारावर बसले होते, त्यांतले काही माझ्यासारखे हाकलले गेले, काही विद्यापीठाची पंचविशीची मर्यादा ओलांडून बाहेर पडले. ते सगळे आणि यंदाचे नवे, असे मिळून एक्केचाळीस गोलकीपर आहेत. जागा चार. गेल्या वर्षी मी नुसता उभा राहिलो असतो तरी गेलो असतो. आता अब्बाही हे बोलून दाखवत नाहीत, म्हणजे बघ.

फोन का उचलत नव्हतो? जळत होतो. तुझं नाव ऐकलं तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि मागच्या खोलीत जाऊन गादीला दोन लाथा मारल्या. हे खरं आहे.

त्याहून वाईट अजून लिहायचंय. त्या डिसेंबरातल्या वीस पेनल्ट्या. मारायला मिथुन होता. त्या दिवशी सकाळी, मैदानावर कुणी नव्हतं तेव्हा तो मला म्हणाला, "पहिल्या दहा डावीकडे, पुढे बघू." मी 'नको' म्हणालो नाही. हसलो आणि ग्लोव्हज चढवले. म्हणून तेरा. तुझ्या नऊ अडल्या त्या खऱ्या नऊ. ते मानधन तुझं होतं. तुझा फॉर्म भरून पाठवला तो दोस्तीखातर नाही, जिवाला टोचत होतं म्हणून.

झालं लिहून. आता शिव्या दे, नाहीतर पत्र फाडून टाक.

आणि पालनीचं. तुझ्या आईला विचार, माझ्याच्याने चालेल का. देवाचं काही मी करणार नाही, ते मला येतही नाही आणि मी करूही नये. पण नेम पाळता येईल. तेव्हा माझे रोजेही असतील. अब्बांना सांगितलं. वाटलं भडकतील. म्हणाले, "रोजा आपला, नेम त्यास्ना. भूक दोन्हीकडे सारखीच शे."

तौहिद

---

पुणे
१५ फेब्रुवारी २०२६

तौहिदभाई,

जोहार.

पेनल्ट्यांचं मला माहीत होतं. मिथुनने त्याच आठवड्यात सांगितलं, रडत होता. मी भांडलो असतो तर सरांनी तुम्हा दोघांनाही काढलं असतं. चाचांचा खोकला मी हॉस्टेलच्या खोलीतून ऐकायचो, दुकान समोरच आहे. म्हणून कुलूप लावून गेलो. सांगून गेलो असतो तर तोंडातून निघालं असतं.

तुझा फॉर्म आला तेव्हा मला राग याचाच आला होता, की हा खरं लिहीत नाही आणि वरून उपकार करतो आहे. आता लिहिलंस. एक वर्ष लागलं.

आईला विचारलं. तिने आधी होळीला किती दिवस राहिले ते सांगितलं. मग म्हणाली, तो तुला भाऊ म्हणतो का? मी म्हणालो, गाढव म्हणतो. ती म्हणाली, मग भाऊच आहे. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही तिने विचारून घेतलं. देवाचं ती करेल, नेम तू पाळ. नमाजाआधी हातपाय धुवावे लागतात हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या देवासाठी धुतो तर धुऊ दे, अंघोळ नको.

२६ला जामसिंगच्या जीपने जा. तिथे पोचल्यावर चप्पल काढ. गादीवाल्याचा पोरगा असलास तरी जमिनीवर झोप.

तुझी चाचणी कधी आहे ते लिहिलं नाहीस.

सुरुपसिंग

---

पाडा
९ मार्च २०२६

सुरुप्या,

काल नदीवर अंघोळ केली. दहा दिवसांची राख निघाली, पाणी पांढरं झालं. तुझं चौथं वर्ष पुरं झालं.

तुझ्या आईने, म्हणजे माझ्या फुलीमावशींनी, पहिल्या दिवशी माझ्यासाठी वेगळं मडकं काढून ठेवलं आणि लांबून बोट दाखवलं. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी त्या उंबऱ्यात बसून सूर्याकडे बघायच्या आणि बुडाला की हाक मारायच्या. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाल्या, घड्याळ बंद पडतं. होळीच्या पहाटे मी तुझ्या टोळीबरोबर काठीला उभा होतो. नाचायला येत नाही, पाय थोडे हलवले. एकाने विचारलं, हा कोण? जामसिंग म्हणाला, सुरुपसिंगचा भाऊ. पुढे कुणी काही विचारलं नाही.

माझी चाचणी कधी होती ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. ६ मार्चला होती. होळीनंतर तिसऱ्या दिवशी. लिहिलं असतं तर तू मला पालनीला येऊ दिलं नसतंस.

गेलो. तुझ्यासारखाच उभा राहून, राख लावून, अनवाणी. मनात म्हटलं, तुला चाललं तर मला का नाही! पण पिशवीत बूट घेतले होते. हेही खरं सांगतो.

म्हातारा तोच होता. मला पाहताच म्हणाला, "गेल्या वर्षी असाच एक आला होता." मी म्हणालो, त्याचाच भाऊ. तो हसला, तुझी तारीफ केली. मग रांगेकडे बघून म्हणाला, "तेव्हा पाच होते, पोरा. आज एक्केचाळीस आहेत. एकाला सूट दिली तर चाळीस जण भांडतील. बूट घाल, नाहीतर बाजूला हो."

मी बाजूला जाऊन पिशवी उघडली. बूट बाहेर काढले, नाड्याही सैल केल्या. कोण बघणार होतं रे? तुझी आई डोंगरात, तू पुण्यात, जामसिंग जीपवर. दोन तास घालायचे आणि काढायचे. तुला कधीच कळलं नसतं.

पण त्या सकाळी मिथुन बोलला तेव्हाही मैदानावर कुणी बघत नव्हतं.

बूट पिशवीत टाकले आणि परत आलो. खोटं कशाला बोलू, नाशिकच्या स्टँडवर रडलो. लोकांना वाटलं, रोजा लागलाय.

मावशींना बोललो नव्हतो, पण जामसिंगच्या पोटात काही राहत नाही. काल नदीवरून आलो तेव्हा त्यांनी खाट बाहेर काढून ठेवली होती. "बस," म्हणाल्या. मी बसलो. त्या समोर जमिनीवर बसून राहिल्या.

तुझ्या आश्रमशाळेतली तासाची जागा अजून रिकामी आहे. जूनपासून येईन म्हणून सांगितलंय. अब्बा म्हणतात जा, दुकान मी बघतो, फडकं बांधून. एक खरा फुटबॉल पाठव, त्या व्हॉलीबॉलने पोरांची बोटं मोडतील.

ड्राफ्टला नाव तीनदा देता येतं. पुढच्या वर्षी मी बूट घालून जाणार आहे. पाचवं वर्ष तुझं तू बघ, करारात सुट्टी लिहून घे.

ग्लोव्हज तुझ्याकडेच राहू दे.

तुझा भाऊ,
तौहिद